तीन-तीन पिवळी फुलं

नंदिगड्डे,
१४ जुलै २०२४

चि. परशू,

अनेक आशीर्वाद. तुझा फोन लागत नाही. शेजारचा सागर गोव्याला निघालाय, तुझ्या हॉटेलात ही चिठ्ठी पोचवतो म्हणाला. म्हैस व्याली, रेडी झाली. लावणी निम्मी आटपली. आप्पांची काठी दारामागे तशीच आहे.

काल चार वर्षांनी वरच्या माळावर गेले. काळी मुसळी फुललीय. पानं गवतासारखी, आधी ओळखलीच नाही. मग आप्पांनी शिकवलं तसं खाली बसून पानं बाजूला केली, तर जमिनीला चिकटून सहा पाकळ्यांचं पिवळं फूल. "फूल बघितल्याबिगर मुसळीचं नाव घ्यायचं न्हाई," आठवतं ना? एक सापडलं आणि मग सगळीकडे दिसायला लागली. तीन-तीन, चुलीच्या दगडांसारखी.

कंद काढला की शेंडा परत पुरायचा, हे घरात सगळेच करायचो. पण तीन एकत्र पुरायची खोड फक्त तुझी. आप्पा हसायचे, "चूल मांडतोस काय रं?" म्हणजे त्या वर्षी गोव्याला जायच्या आधी तू पोतंभर मुसळी काढलीस, ती एकूण एक शेंडा पुरून.

परशू, आता खरं लिहिते. तू गेलास त्या मृगात आप्पांचा गुडघा धरला होता, म्हणून त्यांनी मला बघायला धाडलं. मी माळावर गेलेच नाही. ओढ्यापाशी बसले, परत आले आणि म्हणाले, "परशूनं समदं ओरबाडलंय. एक फूल न्हाई." तू गोव्याला निघाला होतास रे. वाटलं, आप्पा ओरडतील, आधी माळ लाव मग जा म्हणतील, आणि तू राहशील. ते म्हणाले, "पुन्हा तोंड दावू नको." तू चपलासुद्धा न घालता गेलास. मी दारातून बघत राहिले.

आप्पा मागच्या महिन्यात गेले. शेवटच्या दुपारी त्यांनी विचारलं, "तुळजा, माळावर फूल दिसलं काय गं?" खरं सांगायलाच तोंड उघडलं, आणि तेच जुनं "न्हाई" बाहेर पडलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

फुलं मी तोडली नाहीत. तू ये, मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण एकदा बघून जा. आप्पांना आता कुणी सांगायचं रे?

अजून म्हणावंसं वाटलं तर तुझी अक्का,
तुळजा