डॉक्टरांचं अक्षर आणि माझं दुकान

३ जून
कागदी चिठ्ठ्या जाऊन सगळं ऑनलाइन होणार म्हणतात. केमिस्ट मंडळी हादरलीत. मी नाही. आमच्या द्वारका चौकात दूरदृष्टी असलेला दुकानदार एकच. वरच्या मजल्यावरच्या डॉ. निसार यांचं अक्षर आजवर फक्त मला लागत आलंय. बाकीचे केमिस्ट चिठ्ठी उलटसुलट करतात आणि पेशंटला मुकाट माझ्याकडे धाडतात. तरी काळाबरोबर राहायला हवं. डॉक्टरांना टॅब मीच घेऊन देणार. चिठ्ठी थेट माझ्या कॉम्प्युटरवर!

६ जून
टॅब दिला. डॉक्टर म्हणाले, या वयात कुठे टायपिंग शिकवता शेठ. संकल्प : रोज दुपारी शिकवणी घेणे. सौ. प्रतिभाने विचारलं, सगळ्यांनाच वाचता यायला लागलं तर आपल्याकडे कोण येईल? तिला बिझनेस कळत नाही.

१४ जून
डॉक्टर दोन बोटांनी सुसाट. चिठ्ठी मात्र पेशंटच्या मोबाइलवर जाते. किरकोळ अडचण. जिना उतरलं की समोर मीच.

१९ जून
पेशंट जिना उतरतात आणि मोबाइल बघत पुढे जातात. आज घोटीच्या कुसाबाई थांबल्या. बरं वाटलं. म्हणाल्या, लय झ्याक झालं बगा शेठ, आता औषध आमच्या घोटीतच मिळतंय. मग पाचशेचे सुट्टे मागितले. दिले.

२५ जून
डॉक्टरही वैतागलेत. औषधांची नावं आता पेशंटला वाचता येतात, त्यामुळे स्वस्तातलं लिहा म्हणून हटून बसतात. सॉफ्टवेअरचं बिल त्यांनी खाली माझ्याकडे पाठवलं. म्हणे, आयडिया तुमची. खरं आहे. भरलं.

२ जुलै
सकाळपासून धडधड. डॉक्टरांनी बीपी निघाल्याचं सांगितलं. रोज एक गोळी. म्हटलं, माझी चिठ्ठी तरी हाताने लिहा. म्हणाले, आता हात वळत नाही. चिठ्ठी आली ती घरच्या नंबरवर, प्रतिभाच्या मोबाइलवर. संकल्प : उद्या आपल्याच दुकानातली गोळी सुरू करणे. निदान एक गिऱ्हाईक पक्कं.

३ जुलै, दुपार
गिऱ्हाईक आलं म्हणून उठलो. डिलिव्हरीवाला निघाला. पार्सल माझ्याच नावाचं. आत बीपीच्या गोळ्या. प्रतिभाला फोन लावला. म्हणाली, अ‍ॅपवर आपल्या खरेदीपेक्षाही स्वस्त होत्या. पत्ता दुकानाचा का दिला? तर म्हणे, तिथे तुम्ही मोकळेच असता.

गोळी घेतली. पाकिटावर ठळक छापलं होतं, रोज एक गोळी. चष्म्याशिवाय वाचता आलं.