एकोणीस व्हिडिओ

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. इथे तुरुंगात पत्र आधी साहेब वाचतात, मग आमच्या हाती येतं, म्हणून उशीर. मला शिवणखात्यात टाकलंय. तू शिंपीण असून तुझ्या भावाला सुईत दोरा ओवायला तीनदा थुंकी लावावी लागते. हस खुशाल.

मुंगीने तुला विचारलं, की आई कशी बोलायची. ती ओळ रोज काढून वाचतो. रात्रभर लग्नाचं शूटिंग करून मी गाडी चालवायला बसलो, डुलकी मला लागली, जीव हिचा गेला, आणि शिक्षा त्या पोरीला. भिंतीवर फोटो आहे, पण त्याला आवाज नाही.

माझ्या कामाच्या भाड्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर हिचे व्हिडिओ आहेत. दुसरीकडे कुठेही नाहीत. ते तुझ्या फोनवर घे. वायरने फोन जोड, फोनवर विचारेल तेव्हा ‘फाइल ट्रान्सफर’ निवड. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘मुंगीची आई’ नावाचं फोल्डर आहे, ते ओढून फोनच्या खिडकीत सोड. आत एकोणीस व्हिडिओ आहेत, मोजून घे. तासभर लागेल, वायर हलवू नकोस.

मग कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून पार पुसून टाक. गिऱ्हाइकांच्या घरचे समारंभ आहेत त्यात, लोकांनी विश्वासाने दिलेले. खोलीही महिनाअखेर सोडायची आहे.

मुंगीला पापा. माया आटू देऊ नकोस, ही विनंती.

तुझा,
धाकटा

१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फत्ते! यंत्र म्हटलं की तुझी ताई चार हात लांब, तरी कागद समोर ठेवून तू लिहिलंस तसंच केलं. फोल्डर ओढलं, सोडलं, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं फोनवर. तू म्हणे तासभर लागेल! एवढा मोठा शूटिंगवाला, आणि तुला वेळेचा अंदाज नाही. दोनदा मोजले, एकोणीसच्या एकोणीस आहेत.

उघडून मात्र पाहिले नाहीत. तिचं हसणं ऐकलं असतं, तर हातातलं काम बाजूला राहिलं असतं. बावीस तारखेला मुंगीचा वाढदिवस आहे, तेव्हा दोघी मिळून बघू. तिला सांगून ठेवलंय, की आई फोनमध्ये आली आहे. रोज फोनवर फडकं मारते बिचारी.

दुरुस्तीवाला सोमवारी कॉम्प्युटर दुकानात न्यायला येईल. एकही फाइल शिल्लक राहता कामा नये, असं त्याला बजावून ठेवलंय. तुझा शब्द जाऊ द्यायची नाही मी.

दुखणं अंगावर काढू नकोस, जेवत जा. आठवण ठेव.

तुझी,
ताई

२३ फेब्रुवारी

ताई,

मायना राहू दे. कॉम्प्युटर पुसू देऊ नकोस. पुसायला दिला असलास तर धावत जा आणि थांबव.

एकोणीस व्हिडिओ पापणी लवेपर्यंत जात नाहीत गं. तास लागलाच पाहिजे. तुझं पत्र वाचताना त्या ओळीवर आलो आणि तसाच कागद मागायला धावलो. आमच्या धंद्यात खरे व्हिडिओ कॉम्प्युटरच्या आतल्याच दुसऱ्या डिस्कवर ठेवतात, आणि समोर पडद्यावर नुसते शॉर्टकट. खरी फाइल कुठे आहे, तेवढं दाखवणारी खूण. इतकी वर्षं त्याच खुणेवर टिचकी मारून मी हिला बघत आलो, आणि तुला लिहिताना तीच खरी धरली. तू घराच्या पाट्या उचलून आणल्यास ताई, घर तिथेच राहिलं. चूक तुझी नाही, माझीच आहे.

पत्र लवकर सोडा म्हणून साहेबांच्या पाया पडलो. बघतो म्हणाले.

धाकटा

६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. कॉम्प्युटर सोमवारीच पुसून झाला होता. तरी दुकानात गेले. दुरुस्तीवाला भला माणूस आहे, त्याने माझ्यादेखत पुन्हा सगळं तपासलं. पण मी इतकं बजावलं होतं, म्हणून त्याने तीन-तीनदा पुसला होता. आता काही निघायचं नाही म्हणाला. मी तिथल्या स्टुलावर बसून रडले.

खरं तर वाढदिवसाच्या दिवशीच कळलं होतं, तुला लिहायचा धीर झाला नाही. मुंगी नवा फ्रॉक घालून मांडीवर बसली. एकेक करून एकोणीसही दाबून पाहिले. फाइल उघडता येत नाही, एवढंच येत राहिलं. मुंगी म्हणाली, की आई लाजली असेल, तू हळू बोलाव.

मला ते सहन झालं नाही रे. फोन कानाला लावून मी पाठ फिरवली आणि तुझ्या बायकोसारखं बोलायला गेले. मला वाटलं, ओठाशी येईल तिचा आवाज. चार वर्षं एका घरात राहिलो आम्ही. पण आलाच नाही. भलताच कुठला तरी बारीक, गोड आवाज निघाला. मुंगी, जेवलीस का, असं काहीतरी बोलले.

ती टाळ्या पिटत म्हणाली, की हो, हो, अशीच बोलायची आई, मला आठवलं!

तेव्हापासून रोज मागते, आणि मी रोज त्या आवाजात बोलते. तुझी बायको तशी बोलत नव्हती. हे आता फक्त तुला आणि मलाच ठाऊक आहे, आणि तू घरी येईपर्यंत पोरीची खात्री पटलेली असेल.

रागावलास तरी पत्र टाकत राहा.

तुझी,
ताई