तिसरा पट्टा

बाबा,

तबल्याच्या मास्तरांचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे आला आहे. तोच, काचेच्या व्हॉल्व्हचा, करड्या पत्र्याचा. पुण्यातल्या एका इंजिनिअरने घरच्या घरी असे पाच-सहाच नग बनवले, ट्रान्सफॉर्मरसुद्धा हाताने गुंडाळला, असं तुम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात, ऐकणाऱ्याला घाई असली तरी. मास्तरांच्या सुनेचा मला ऑफिसात फोन आला. म्हणाली, "घर रंगवायला काढलंय, भंगारवाला दारात उभा आहे. पण सासरे अडून बसलेत. म्हणतात, आधी रेडिओवाल्यांच्या मुलीला विचार, ती शिकली आहे त्यातलंच." मी खराडीहून रिक्षा केली आणि तो मांडीवर घेऊन घरी आणला. चौदा वर्षांत त्याला कुणी चालू केलं नव्हतं. तुम्हाला जाऊनही जवळपास तेवढीच झाली.

असलं जुनं यंत्र थेट प्लगमध्ये घालायचं नाही, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. मी आधी खालचा पत्रा उघडला, ब्रशने धूळ काढली, व्हॉल्व्हच्या पायांना आलेला काळा थर पुसला. फुगलेले कपॅसिटर बदलले. तुम्ही त्यांना कंडेन्सर म्हणायचात, आणि मी अकरावीत तुम्हाला दुरुस्त केलं होतं. मग मालिकेत शंभरचा बल्ब जोडून वीज दिली. बल्ब भपकन पेटून हळूहळू मंद झाला, म्हणजे आत काही जळत नव्हतं. व्हॉल्व्ह नारिंगी झाले. मी मीटरची काडी उजव्या हातात घेतली आणि डावा हात आपोआप खिशात गेला.

हा खिसा तुमचा. मी सात-आठ वर्षांची असताना चालू सेटमध्ये दोन्ही हात घातले होते. तुम्ही कधी ओरडत नव्हतात, त्या दिवशी इतक्या जोरात ओरडलात की समोरचा कॅसेटवाला दुकान सोडून आला. "तीनशे व्होल्ट आहेत आत. एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतात, वाटेत काळीज असतं. एक हात खिशात." मी म्हटलं, फ्रॉकला खिसा नाही. त्या आठवड्यात आईने माझ्या तिन्ही फ्रॉकना डाव्या बाजूला खिसा लावला, एकाला तर तुमच्या जुन्या शर्टाच्या कापडाचा. शाळेत मुली हसल्या. मी अजूनही खिसा नसलेला कपडा विकत घेत नाही, आणि का ते कुणाला सांगत नाही.

आपलं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, दोन माणसं बसली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. शाळा सुटली की मी तिथे. तुम्ही डब्यातून एक रेझिस्टर काढून माझ्यासमोर धरायचात आणि म्हणायचात, "रंग सांग." तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तो तुकडा, त्यावर रंगीत पट्टे. पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा म्हणजे पुढची शून्यं. मी म्हणायचे, तपकिरी, काळा, लाल. तुम्ही म्हणायचात, "म्हणजे?" मी म्हणायचे, एक हजार. तुम्ही म्हणायचात, "बरोबर," आणि तो जोडून टाकायचात. गिऱ्हाईक असलं तर त्याच्याकडे बघून म्हणायचात, "पोरीचा अभ्यास घेतोय." गिऱ्हाइकं कौतुक करायची. एकदा मी चुकीचा रंग सांगितला, तुम्ही "बरोबर" म्हणालात, आणि मग मीच म्हटलं, नाही नाही, हिरवा आहे. तुम्ही क्षणभर थांबलात. मग म्हणालात, "बघत होतो, तुझ्या लक्षात येतंय का." मला तो तुमचा विनोद वाटला.

आता कामाचं सांगते. अ‍ॅम्प्लिफायर चालू झाला, आवाज आला, सगळीकडे व्होल्टेज बरोबर. मी तबल्याची एक रेकॉर्ड लावली. वरचे बोल स्वच्छ. डग्ग्यावर थाप पडली की मात्र आवाज फाटत होता, फुटक्या माठासारखा. मला लगेच मास्तर आठवले. माझ्या बारावीच्या वर्षी ते हीच तक्रार घेऊन तीनदा आले होते. तुम्ही अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण नवा करून दिला होतात, आणि ते आपली रेकॉर्ड काखेत घेऊन आले आणि म्हणाले, "सगळं छान आहे, डग्गा फुटतोय." तुम्ही व्हॉल्व्ह बदलले, सगळ्या सांध्यांना पुन्हा डाग दिले, तीन आठवडे दुसरं काम घेतलं नाही. तिसऱ्या वेळी मास्तर हसत म्हणाले, "राहू द्या हो. म्हातारा अ‍ॅम्प्लिफायर झालाय की मेकॅनिक, ते आता शोधत बसू नका." तुम्हीही हसलात. त्यांच्यामागे दारापर्यंत गेलात, अ‍ॅम्प्लिफायर स्वतः रिक्षात ठेवलात. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर लिहून लावलंत, 'व्हॉल्व्हचे काम घेतले जात नाही.' पुढच्या दिवाळीपर्यंत तुम्ही मोबाइलचे चार्जर विकत होतात. त्याच्या पुढची दिवाळी तुम्ही पाहिली नाहीत.

दोष सापडायला मला एक रविवार लागला. शेवटचे दोन व्हॉल्व्ह करवतीला दोन माणसं लागतात तसे काम करतात, एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. दोघांच्या पायाशी एकेक रेझिस्टर असतो आणि ते दोन जुळे असावे लागतात, दोनशे वीस किलोओमचे. लाल, लाल, पिवळा. डावा तसाच होता. उजवा होता लाल, लाल, नारिंगी. म्हणजे बावीस. दहापट कमी. त्याने व्होल्टेज कुठेच बिघडत नाही, म्हणून मीटरवर काही दिसत नाही. फक्त खालचा सूर आला की एक माणूस करवत नीट ओढत नाही. दोन्ही सांधे तुमचे होते, गोल, चकचकीत, तसे मला आजही जमत नाहीत. मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, मास्तर बरोबर बोलले होते. आणि मला तुमचा थोडा राग आला.

त्याच संध्याकाळी कात्रजला गेले. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी विचारलं, "बाबांनी शेवटी शेवटी डोळे तपासले होते का? नारिंगी आणि पिवळ्यात चुकलेत."

"शेवटी शेवटी काय?" आई म्हणाली. "मला बघायला आले तेव्हा मी हिरवी साडी नेसले होते. लग्नानंतर म्हणतात, तुझी ती तपकिरी साडी छान होती. मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या मुलीचं सांगतायत. चार दिवस बोलले नाही मी."

मी म्हटलं, "म्हणजे त्यांना रंग दिसायचेच नाहीत?"

"दिसायचे, पण सगळे सारखेच. रेडिओवाल्याला रंग कळत नाहीत म्हटल्यावर काम कोण देणार? तू यायच्या आधी एकेक तुकडा घरी आणून मीटरवर मोजायचे, कागदात गुंडाळून वर आकडा लिहायचे. तू रंग वाचायला लागलीस तसं मोजणं सुटलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला वाटायचं ते अभ्यास घेतायत. म्हणाले, राहू दे, तेवढ्याने शिकते तरी." आईने काड्या बाजूला सारल्या. "आणि तू होतीस की. अडत कुठे होतं?"

हा दोष बापाकडून मुलीकडे येतो, पण मुलीला सहसा जाणवत नाही, तिच्यात तो नुसता असतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. मला सगळे रंग दिसतात.

मी आईला म्हटलं, पिवळ्या बल्बच्या उजेडात नारिंगी आणि पिवळा फार जवळ दिसतात, कुणाचीही चूक होऊ शकते. तांत्रिकदृष्ट्या हे खरं आहे. आई म्हणाली, असेल. पण ती दुपार मला स्पष्ट आठवते. माझी प्रीलिम दोन दिवसांवर होती. मी दुकानात स्टुलावर बसून गणितं सोडवत होते आणि मला तिथे बसायचंच नव्हतं. मास्तर पाचला यायचे होते. तुम्ही पहिला रेझिस्टर धरलात. मी पाहिला आणि म्हटलं, लाल, लाल, पिवळा. "बरोबर." मग दुसरा धरलात. "रंग सांग." मी म्हटलं, "तेच." तुमचा हात तसाच राहिला होता, जरा जास्त वेळ. "बघून सांग गं." मी म्हटलं, "तेच आहे हो बाबा, किती परीक्षा घेता?" तुम्ही म्हणालात, "बरोबर."

उजेडाचा काही संबंध नव्हता. मी वहीतून मान वर केली नव्हती.

तीन आठवडे तुम्ही सगळं तपासलंत. ते दोन रेझिस्टर नाही तपासलेत. ते मी वाचले होते.

तो बदलायला चार मिनिटं लागली. नवा लावण्याआधी मी मीटरवर दोनदा मोजला. मग रेकॉर्ड लावली, आणि डग्गा आला, बाबा. गोल, खोल, मागे घुमत राहणारा. नवा करून दिल्यावर तुम्ही तो त्या अ‍ॅम्प्लिफायरवर एकदाही ऐकला नाहीत.

परवा तो मास्तरांकडे नेऊन दिला. ते आता पलंगावरच असतात, पण कान शाबूत आहेत. मी ठरवून गेले होते की त्यांना सगळं सांगायचं. वाक्यंसुद्धा तयार होती, तीनच. रेकॉर्ड लागली, मास्तरांनी डोळे मिटले, चादरीवर त्यांची बोटं चालायला लागली. बाजू संपली तेव्हा म्हणाले, "अगं, हा तर पहिल्या दिवशीसारखा वाजतोय. काय झालं होतं?"

"एक रेझिस्टर चुकीचा लागला होता."

"एवढंसं? आणि तुझ्या वडिलांना सापडला नाही?" त्यांनी चादरीवरची बोटं आवरली. "मी त्यांना उगाच बोललो तेव्हा. चांगला हात होता त्यांचा. शेवटी शेवटी डोळे गेले असतील. वयाने होतं."

काढलेला रेझिस्टर माझ्या डाव्या खिशात होता. माझा हात त्याच्यावर होता. सून चहा घेऊन आली, तिने साखर विचारली.

हे पत्र अ‍ॅम्प्लिफायरच्या आत ठेवता आलं असतं, पण व्हॉल्व्ह तापतात, तिथे कागद ठेवत नाहीत. म्हणून तुमच्या रेझिस्टरच्या डब्यात ठेवणार आहे, तो तुकडाही त्यातच. घरी येताना रिक्षात मी स्वतःला सांगितलं की तुम्ही जन्मभर लपवलेली गोष्ट मी कशी सांगणार, तुमचं गुपित राखलं. पण मास्तरांनी मला रंगांबद्दल काहीच विचारलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले की चूक तुमची असेल, आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी कप हातात घेतला आणि हो म्हणून मान हलवली.