तिसऱ्या गटाची काकडी

प्रिय काटेकोरराव,

बत्तीस वर्षांनी या नावाने हाक मारतेय, रागावू नकोस. सकाळी आठच्या ठोक्याला उंदरांची वजनं, तीही दोनदा करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. तळघरातली ती प्रयोगशाळा, भुशाचा वास, वरच्या खिडकीतून दिसणारी लोकांची नुसती पावलं. बुटांवरून माणूस ओळखायच्या खेळात दर वेळी तूच जिंकायचास. किती सुखात होतो रे आपण!

उंदरांचे तीन गट आठवतात? पहिला नुसताच खाऊन-पिऊन मजेत. दुसऱ्याला कर्करोगावरचं ते औषध, मूत्रपिंडं बिघडवणारं. तिसऱ्याला तेच औषध, शिवाय रोज भोपळ्याच्या बियांचं तेल. पाजायचं काम माझं. तिसऱ्या गटाची मूत्रपिंडं जवळजवळ धडधाकट निघाली, तेव्हा सूक्ष्मदर्शकावरून उठून तू मला चक्क उचलून घेतलंस. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता.

पण तेल पाजलं की बिचारे तोंडं वेडीवाकडी करायचे. मला राहवायचं नाही. डब्यातली काकडी मी त्यांना द्यायचे, रोज, चांगले जाड काप. फक्त तिसऱ्या गटाला. वहीत नोंद नाही. त्या औषधावर पोटात भरपूर पाणी जाणं हाच मोठा बचाव असतो, हे निकालानंतर वाचताना कळलं. उंदीर तेलाने वाचले की काकडीतल्या पाण्याने, मला आजही माहीत नाही. आपला शोधनिबंध छापून आला, तुला दूरची नोकरी लागली आणि मी मूग गिळून बसले. तू मला फार आवडायचास. खरं कळलं तर तोंड फिरवशील, एवढंच डोक्यात होतं.

काल तुझी लेक मला शोधत आली. तुला तेच औषध सुरू झालंय म्हणे. आपल्या निबंधाच्या भरवशावर दोन चमचे तेल पितोस, मळमळतं म्हणून पाण्याला शिवत नाहीस, सलाईनलाही नको म्हणतोस. रडत होती पोर. तू माझा फोन उचलला नाहीस, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देतेय. तेलावर विसंबू नकोस. पत्र आजच डॉक्टरांना दाखव आणि ते सांगतील तसं पाणी घे, सलाईन घे. मग मला हवं ते बोल, हवं तर कायमचा अबोला धर. पण त्यासाठी तू असायला हवास.

तुझीच,
शेजारच्या टेबलावरची