छत्रीमागची कोळिंजी

तिरुवैयारु, २४ मे २०२५

चि. सौ. शांभवी हीस जयतीर्थाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. फोनवर तुझ्या अक्काचे नाव घेताना माझा आवाज स्थिर राहत नाही, म्हणून पत्र.

फेब्रुवारीत देवाघरी जाण्यापूर्वी कनकलतेने उभ्या भातात स्वहस्ते पेरलेली कोळिंजी सांप्रत फुलली आहे. ग्रंथांत हिला शरपुंखा म्हणतात. घरामागचे सबंध शेत जांभळे झाले असून बारीक निळी फुलपाखरे दिवसभर तेथे असतात. परवा सेल्वम नांगरणीसाठी ट्रॅक्टर घेऊन आला. त्यास मी परत पाठवले.

दरवर्षी नांगरणीच्या दिवशी मी कनकलतेवर छत्री धरून बांधावर उभा राहत असे, परंतु तोंड रस्त्याकडे. फुले मातीत जाताना मला पाहवत नसे. मागे तिचे खांदे हलत असल्याचे जाणवे; ती रडते आहे हे जाणून वळण्याचा धीर होत नसे. तिने पेरलेली ही अखेरची फुले तरी वाचावीत, इतकीच इच्छा. रोज सकाळी झारीने पाणी घालतो, तरीही पाने पिवळी पडत आहेत. उपाय कळवावा.

मुलांस आशीर्वाद. पत्रोत्तराची वाट पाहणारा,
जयतीर्थ

ओरत्तनाडु, ३० मे २०२५

ती. भावोजींच्या चरणी शांभवीचा सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले. मग झारीच्या ओळीपाशी आले आणि इतकी हसले की तुमचे साडू पेपर टाकून धावत आले. भावोजी, कोळिंजीला कोणी पाणी घालते का? ती उन्हाची पोर. सगळे रान करपते तेव्हा ती हिरवी असते, आणि गुरेसुद्धा तिला तोंड लावत नाहीत. तुमच्या मायेनेच ती पिवळी पडली.

आता खरे सांगते, रागावू नका. तुमच्या पाठीमागे काय चालायचे ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. अक्का एक तुरा वेणीत खोवायची आणि सेल्वमला खुणा करायची, की खोल घाल, आणखी खोल. खांदे हलायचे ते हसण्याने. एवढा शिकलेला माणूस फुलांना घाबरून रस्त्यावरच्या बसगाड्या मोजतो, असे ती मला म्हणायची. कोळिंजी तिने पेरली ती जमिनीच्या पोटात जाण्यासाठीच. तिच्या खतावरच तर अक्काचे भात पोसायचे.

कालव्याला पाणी आले की कोळिंजी सडेल. नांगरली नाही तर अवंदा फुलेही जातील आणि जूनमधले कुरुवैचे भातही. सेल्वमला लगेच बोलवा. बांधावरची झाडे मात्र राखा, तिथे पाणी चढत नाही. त्यांच्या शेंगा वाळल्या की तेच पुढचे बी. अक्काही तसेच करायची.

जेवण वेळेवर घ्या. या पोरकट मेहुणीवर माया ठेवा.
शांभवी

तिरुवैयारु, १४ जून २०२५

चि. सौ. शांभवी हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. झारी मोरीत ठेवली आहे. बसगाड्या मी कधीही मोजल्या नाहीत, एवढे तुझ्या यजमानांस कृपया स्पष्ट करावे.

गेल्या शुक्रवारी नांगरणी झाली. या वेळी मी शेताकडे तोंड करून उभा राहिलो. जांभळा पट्टा उलटून काळी माती वर येते, त्यामागे बगळे उतरतात, आणि ओल्या पाल्याचा वास दाटतो. इतके सुंदर दृश्य इतकी वर्षे माझ्या पाठीमागे होते. मध्येच सेल्वमने ट्रॅक्टर थांबवून विचारले, की अय्या, तुम्ही उन्हात आणि छत्री भलतीकडे, असे का? पाहतो तो खरेच. सवयीने हात लांब गेला होता आणि सावली शेजारच्या मोकळ्या जागेवर पडली होती. मी छत्री हलवली नाही. त्यास एवढेच सांगितले, की खोल घाल, आणखी खोल. माझे खांदे हलत होते. कशाने, ते तू ओळखशील.

बांधावरची झाडे राखली आहेत. कालव्याला पाणी येण्याच्या बेतात आहे. जानेवारीत पेरणीस अवश्य यावे. माझ्या मुठीतून बी एकाच जागी पडते, अशी तुझ्या अक्काची तक्रार असे. छत्री मी धरीन.

लोभ उन्हाळ्यातही हिरवा राहावा.
जयतीर्थ