आईची एकादशी

मॅडम,

तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी राउंडला निघाले की मी तुमच्याच मागून चालते आहे असं वाटतं. आता हूटगळ्ळीच्या हॉस्पिटलात माझ्या मागे शिकाऊ डॉक्टर असतात. कोणाला कोणतं अँटिबायोटिक द्यायचं यावर ते माझ्याशी वाद घालतात, आणि मला आईचं ते आजारपण आठवतं.

आई लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या शिलाईच्या दुकानात बसायची. मशीनची सुई बोटात गेली, तर तिने हळद दाबली आणि ब्लाउज पुरा केला. बोट सुजलं, मग थंडी वाजून ताप भरला. आपल्या वॉर्डात आणलं तेव्हा ती बरळत होती. मी तुमच्या हाताखाली नुकतीच लागले होते. तुम्ही आधी रक्त कल्चरला पाठवलं आणि लगेच व्हॅन्कोमायसिन सुरू केलं. रिपोर्ट आला तेव्हा कळलं की जंतू रक्तात पोचले आहेत, पण साध्या, जुन्या औषधालाही ते मरतील. तुम्ही म्हणालात, "व्हॅन्को बंद. क्लॉक्सासिलिन चालू कर."

"मॅडम, तिला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, हे त्याच घराण्यातलं. आणि ताप अजून उतरला नाही, जोराचं औषध काढून हलकं कशाला?"

"हलकं कोण म्हणालं तुला? ह्या जंतूवर हेच जास्त चालतं." मग तुमचा आवाज चढला. "तू आत्ता लेक आहेस का डॉक्टर, ते ठरव. लेक असशील तर तिकडं गप्प बस, सुम्ने."

मी बाजूला सरले. राग गिळून. तुम्ही मात्र स्टूल ओढून आईजवळ बसलात, तिचा हात हातात घेतलात. आमच्यासारखंच कन्नडात भिजलेलं तुमचं मराठी ऐकून ती जरा सावरली.

"अक्का, ते इंजेक्शन कधी घेतलं होतं?"

"लहान होते, डॉक्टरम्मा. सुई टोचली अन् धप्पकन पडले."

"अंगावर गांध्या उठल्या? ओठ सुजले? दम लागला?"

"इल्ला. नुसती पडले. डोळे उघडले तर अप्पा वारा घालत होते."

"त्या दिवशी काय खाल्लं होतं?"

आई आठवत राहिली. "काही नाही. एकादशी होती."

उपाशीपोटी, सुईच्या भीतीने आलेली भोवळ! घरात कोणीतरी म्हटलं, हिला ते इंजेक्शन सोसत नाही, आणि आईने ते जन्मभर जपलं. ॲलर्जी उसळलीच तर टोचायला तुम्ही ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवलंत, क्लॉक्सासिलिनचा अगदी थोडा डोस दिलात आणि स्वतः पलंगाशी उभ्या राहिलात. काही झालं नाही. मग पूर्ण डोस सुरू झाला. ताप उतरला, पुढचं कल्चर स्वच्छ आलं. आईने तुम्हाला हिरवा ब्लाउज शिवून दिला. बाही घट्ट झाली होती, तरी तुम्ही तो घालून वॉर्डात आलात. ती पुढे माझ्या मुलांची मुंज बघून, तृप्त होऊन गेली.

गेल्या आठवड्यात कुवेंपुनगरचे एक निवृत्त मास्तर आले. तीच ॲलर्जी, तेच प्रश्न. पण पूर्वी त्या इंजेक्शनने त्यांचे खरोखरच ओठ सुजले होते, श्वास कोंडला होता. मी त्यांना ते औषध दिलं नाही, दुसरं निवडलं. माझ्या शिकाऊ डॉक्टरला वाटलं होतं की मी नेहमीसारखी ॲलर्जी खोडून काढणार. मी तिला म्हटलं, "उत्तर आधी ठरवून विचारायचं नसतं गं." हे वाक्य तुमचं नाही, पण शिकवण तुमचीच. मास्तर काल घरी गेले.

हे पत्र पाठवायचं कुठे? ड्रॉवरमध्येच राहील. पण एक सांगून टाकते. त्या पहिल्या डोसच्या वेळी मी आईकडे बघतच नव्हते, तुमच्याकडे बघत होते. तुमचं कपाळ घामाने भिजलं होतं आणि ॲड्रेनलिन धरलेला हात थरथरत होता. तुम्हालाही भीती वाटते, हे मला त्या दिवशी दिसलं. मी ते कोणालाच सांगितलं नाही. माझाही हात थरथरतो, मॅडम. अजून.