न शिवलेले पान

मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

आज सासरी राहायला आलो, मी आणि माझी मुलगी गुड्डी. लग्नाला दहा वर्षे झाली, पण वीरेंद्रने हे गाव सोडले ते सोडलेच, त्यामुळे इथे कधी चार दिवस सलग राहणे झाले नाही. आंधळगावहून ऑटोने वीस मिनिटे लागली. रोवणी आटोपली आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान हिरवेगार आहे. गुड्डीने बगळे मोजले, बावीस झाले.

सासूबाई, गोदावरीबाई, दारातच उभ्या होत्या. त्यांनी भाकरीचा तुकडा गुड्डीवरून ओवाळून टाकला. मोठे दीर तेजराम यांनी सामान उतरवले. माझी जाऊ रत्नाताई हसरी आहे. म्हणाली, "बरं झालं आलीस व. आता मले बोलाले कोणी भेटलं. या घरी सारे मुक्यावानी जेवतेत." त्यांची खुशबू सहा वर्षांची, गुड्डीहून दोनने लहान. दहा मिनिटांत दोघी एका झोक्यावर.

अंगणाकडे खिडकी असलेली खोली आम्हाला दिली आहे. उद्यापासून काम सुरू. वीरेंद्र गेल्यापासून सहा महिन्यांनी आज प्रथमच मला बरे वाटले.

सोमवार, ११ ऑगस्ट

काम असे आहे. नागपूरच्या एका संस्थेने या भागातील काही घराण्यांचा अभ्यास हाती घेतला आहे, ज्यांच्यात पोटाचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या येतो. मी लॅब टेक्निशियन. घरोघरी जाऊन वंशावळ लिहायची आणि रक्त घ्यायचे. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. रोग झालेला काळा करायचा, मेलेल्यावर तिरपी रेघ.

आज आमच्याच घराचा तक्ता झाला. चार पिढ्यांत अकरा काळे. शेवटचा चौकोन वीरेंद्रचा. वय एकोणचाळीस. तोही मीच भरला.

संस्थेच्या डॉक्टर रिता मॅडमनी समजावले होते की दोष एका जनुकात असतो. आईत किंवा बापात असला, तर मुलात येण्याची शक्यता निम्मी. आला तरी घाबरायचे कारण नाही. वेळेवर दुर्बिणीने तपासत राहिले किंवा जठर काढून टाकले, तर माणूस म्हातारा होऊन मरतो. वीरेंद्रला हे कोणी सांगितले नाही.

बुधवार, २० ऑगस्ट

अठरा वर्षांखालच्यांचे रक्त घ्यायचे नाही, असा नियम आहे. भावकीतले धनीराम काका आणि त्यांच्या मुलाने अर्जावर सह्या केल्या, पण सुई पाहून उठून गेले. त्यांच्या नंबरच्या दोन नळ्या रिकाम्या उरल्या.

एकीत मी गुड्डीचे रक्त घेतले. रत्नाताईने पाहिले आणि माझा हात धरला. म्हणाली, मग माझ्या खुशबूचंही घे, मी कोणाले नाही सांगत. घेतले. चूक आहे ते कळते. पण मला माहीत करून घ्यायचे आहे, म्हणून तर हे काम मागून घेतले.

गुड्डी फार कमी जेवते. अर्धी पोळी झाली की पोट भरले म्हणते. बापाच्या आठवणीने असेल.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज सासऱ्यांची तिथी होती. ते याच रोगाने गेले. वडे, भात, कढी, सगळे रांधून अंगणात पान मांडले. कावळा लगेच आला. सासूबाईंनी निःश्वास सोडला.

मी सहज विचारले, कावळा आलाच नाही तर? त्या म्हणाल्या की या घरचे मेलेले उपाशी मेलेले असतात. शेवटचे तीन-चार महिने त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. कावळा शिवला की ते जेवून जातात. नाही शिवला तर पान शेताच्या बांधात खोल पुरायचे. ते माणसाच्या पोटात जाऊ द्यायचे नाही.

"गेलं तं?" मी विचारले.

"मंग मेलेला खाणाऱ्याच्या पोटात बसून जेवते," सासूबाई म्हणाल्या. "लेकरू खाते, अन्‌ अंगाले लागते मेलेल्याच्या."

मी भांडी घासायला उठले.

जे कोणाला सांगितले नाही ते इथे लिहिते. १४ फेब्रुवारी, वीरेंद्रची तेरवी, नागपूरची भाड्याची खोली. गच्चीवर पान ठेवले होते. अडीच वाजेपर्यंत कावळा आला नाही. पाहुणे खोळंबले होते. गुड्डी सकाळपासून उपाशी, रडून लाल झालेली. तिला मी गच्चीवर नेले आणि ते पान तिला भरवले. माझ्या हाताने. सगळे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

गुड्डीने आज पाटोडीची भाजी मागितली. बेसनाच्या वड्या, झणझणीत रस्सा, वर कच्चा कांदा. ती तिखटाला हात लावत नसे. पाटोडी वीरेंद्रला आवडायची.

जेवताना ती डावी मूठ पोटाच्या वरच्या भागात दाबून धरते. त्याची तीच सवय होती.

शनिवार, २० सप्टेंबर

चार दिवस रोज पाटोडी केली. खरे लिहायचे तर मला आनंद झाला. ती मान खाली घालून जेवते, मधेच वर बघते, आणि ते बघणे त्याचे असते. मी समोर बसून वाढत राहिले. आज तिला आंघोळ घालताना बरगड्या हाताला लागल्या. दोन ताटे जेवते आणि तिचे वजन सतरा किलो.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

अहवाल आले. गुड्डीत दोष नाही. खुशबूत आहे.

गुड्डीत नाही. चार वेळा नंबर जुळवून पाहिला.

रत्नाताई दारात उभी होती. खरे सांगितले तर ती पोरीला दवाखान्यात नेईल आणि माझी चोरी उघडी पडेल. मी तिला सांगितले, दोघी चांगल्या आहेत. तिने मला मिठी मारली आणि आंधळगावहून पेढे आणवले. खुशबूने आपला पेढा अर्धा करून मला दिला.

शनिवार, ४ ऑक्टोबर

गुड्डीला नागपूरला नेले. दुर्बीण घातली, जठर अगदी निरोगी. रिता मॅडमनी ताकदीचे औषध लिहून दिले. वजन साडेपंधरा.

परतताना बसमध्ये तिने मला सत्तू म्हटले. माझे नाव सत्यवती. सत्तू फक्त तोच म्हणायचा. या वेळी मला आनंद झाला नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सासूबाईंना तेरवीचे सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. तांदूळ निवडत राहिल्या. म्हणाल्या, मले आल्या दिवशीच दिसलं होतं.

उपाय विचारला. तो उठत नाही, दुसरीकडे जातो, म्हणाल्या. त्याच्या नावाने पुन्हा पान मांडायचे, कावळ्याला शिवू द्यायचे नाही, आणि त्याच्याच रक्ताच्या दुसऱ्या लेकराला हाताने भरवायचे.

रक्ताचे लेकरू या घरात दुसरे एकच आहे. अंगणात खुशबू झोक्यावर होती.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

वजन साडेचौदा. पायऱ्या चढता येत नाहीत.

खुशबूत दोष आहेच. ते मी केलेले नाही, ते तिच्या बापाकडून आलेले आहे. एक ना एक दिवस तिला तेच होणार. गुड्डी मात्र स्वच्छ आहे. स्वच्छ मुलीने का मरायचे?

मॅडम काय म्हणाल्या होत्या ते मला आठवते. म्हातारी होऊन मरते. ते आज आठवायचे नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज केले.

रत्नाताई आणि मोठे दीर तुमसरला लग्नाच्या बोलणीला गेले होते. पाटोडी, भात, कांदा. अंगणात पान मांडले. कावळे आले, तीन होते. मी पदराने हाकलले. एक पुन्हा पुन्हा येत राहिला, त्याला खडा मारला.

मग खुशबूला मांडीवर घेतले. तिला तिखट लागले. डोळ्यांत पाणी आले तरी खात होती, कारण काकू भरवते याचे तिला कौतुक. "काकू, पुरे न वं," एवढेच म्हणाली. मी म्हटले, शेवटचा घास.

सासूबाई ओसरीतून बघत होत्या.

बुधवार, १५ ऑक्टोबर

गुड्डीने तीन पोळ्या खाल्ल्या. भाजीत तिखट आहे म्हणून तोंड वाकडे केले. मी कोपऱ्यात जाऊन रडले.

शनिवार, २५ ऑक्टोबर

गुड्डी सोळा किलो.

खुशबू ताटावर बसते आणि एका घासात पोट भरले म्हणते. डावी मूठ —

गुरुवार, ३० ऑक्टोबर

रत्नाताई खुशबूला घेऊन माझ्याकडे आली. तुले दवाखान्यातलं समजते, सांग न व काय झालं माह्या पोरीले. तिचा अहवाल चांगला आला होता न?

मी म्हटले, हो. जंत असतील.

खुशबू तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. ओठ हलवून म्हणाली, सत्तू. आवाज काढला नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

नोकरीचा राजीनामा पाठवला. शुक्रवारी सकाळच्या बसने निघायचे.

रत्नाताई आता रडत नाही. आज गुड्डीच्या केसांना तेल लावून दिले. माह्या बाईचे केस किती चांगले आहेत व, म्हणाली. माझ्याकडे पाहिलेही नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

खुशबूने आईला सांगितले आहे, काकूने भरवलं म्हणून.

सासूबाईंना विचारले, तुम्ही रत्नाताईला काय सांगितले? म्हणाल्या, जे तुले सांगितलं तेच. दोघीही माह्याच सुना. एकीले सांगायचं अन्‌ दुसरीले नाही, असं कसं?

मग स्वतःहूनच बोलल्या. त्यांच्या वेळीही असेच झाले. त्यांची एक मुलगी, जावेची एक मुलगी. पान इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. पाऊस लागायच्या आधी दोघी गेल्या.

मी म्हटले, तक्त्यात या दोघी नाहीत. तुम्ही मला सांगितल्या नाहीत.

"पोरी होत्या त्या, लग्न नव्हतं झालं. पोरी कोण मोजते?"

बुधवार, ५ नोव्हेंबर

शुक्रवारपर्यंत थांबायचे नाही. उद्या पहाटे निघायचे. गुड्डीला नजरेआड होऊ देत नाही. इथले काही खायचे नाही, असे बजावले आहे. बिस्किटे आणली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सामान बांधले. बस साडेसहाची. गुड्डी अंगणात चप्पल घालते म्हणून गेली —

दाराला बाहेरून कडी आहे.

सात वाजले. हाका मारून घसा बसला. मोठे दीर गोठ्यात आहेत, ऐकू जाते त्यांना. येत नाहीत.

खिडकीला गज. अंगण दिसते. पान मांडले आहे. रत्नाताई सूप घेऊन उभी, कावळे उडवते आहे. सासूबाई खुशबूला घेऊन बसल्या आहेत.

रत्नाताईला म्हटले, मला भरव. म्हणाली, तुह्यात या घरचं रगत कुठं आहे?

म्हटले, गुड्डी चांगली आहे, तिच्यात दोष नाही. म्हणाली, माही खुशबू पण चांगलीच होती न, तूच सांगितलं.

लिहिते आहे. हात थांबला की बघावे लागते. कोणाला सापडले तर —

मी गुड्डीला ओरडून सांगितले, खाऊ नको. तिने माझ्याकडे पाहिले. पहिल्या घासाने गाल फुगलेले. तिला वाटते आहे मी रागावले. मोठीआईने, रत्नाताईने, मांडीवर घेतले आहे, डोळे पुसले, पाणी पाजले. आता लहान लहान घास करते आहे, पाटोडीतले तिखट धुऊन, आणि गुड्डी हसून तोंड उघ